मृतास दिलेलें वचन

मृत मनुष्याचें आपण कांहीं देणें लागतों काय? तर्काला हा प्रश्न अवघड वाटत नाहीं. ज्याला भूक उरली नाहीं त्याला अन्न कशाला, असें म्हणून तो मोकळा होतो. परंतु पुण्यांत मुठेच्या कांठीं, ओंकारेश्वराच्या घाटावर, दहाव्या दिवशीं पिंड मांडून कावळ्याची वाट पाहणारीं माणसें पाहिलीं म्हणजे तें उत्तर अपुरें वाटूं लागतें.

आपल्या श्राद्धविधींत मृताचें व्यक्तित्व हळूहळू विरत जातें. पिता, पितामह व प्रपितामह यांना अनुक्रमें वसु, रुद्र व आदित्य यांच्या रूपानें आवाहन करावयाचें. ज्यांची तिथि ठाऊक नाहीं त्यांची सोय भाद्रपदांतील सर्वपित्री अमावास्येला. यांत औदार्य मोठें आहे. पण खीर, वडे, आमसुलाची चटणी हीं सर्वांना सारखींच. गेलेल्याला काय आवडत होतें, हें विधि विचारीत नाहीं.

मेक्सिको देशांत नेमकें तेंच विचारतात. नोव्हेंबरच्या १ व २ तारखांस तेथें घरोघर मृतांसाठीं वेदी मांडतात. तसबीर, पाणी, मीठ, मेणबत्त्या, पाव आणि गेलेल्याचा आवडता पदार्थ; तो सिगारेट ओढीत असेल तर तीही. त्याला वाट दाखविण्यास झेंडूचीं फुलें असतात. आपल्या दसऱ्याचा झेंडू मूळचा तिकडचाच. या प्रथेची नोंद युनेस्कोनें २००८ सालीं मानवजातीच्या वारशांत केली.

आपल्याकडे अशी विचारपूस एकाच वेळीं होते : कावळा शिवत नाहीं तेव्हां. मग आप्त गेलेल्याच्या मनांतील इच्छा आठवूं लागतात आणि ती पुरविण्याचें वचन मोठ्यानें देतात. माझ्या वडिलांच्या वेळीं कावळे झाडावर बसून राहिले. कोणी कर्जाचें नांव घेतलें, कोणी घराचें. शेवटीं मी म्हणालों, "नाना, आत्याला मी अंतर देणार नाहीं." एक कावळा उतरला.

त्याला भूक लागली असेल, इतकेंच त्यांत असेल. त्याविषयीं माझा वाद नाहीं. पण पुढें आत्या अंथरुणाला खिळली, घरांत कुरबूर सुरू झाली, आणि तिला दुसरीकडे धाडण्याचा बेत मीं मनांत पक्का केला. मला अडविणारें कोणी नव्हतें. वचन ज्याला दिलें तो जाब विचारावयास येणार नव्हता. आणि त्याच एका गोष्टीनें माझे हात बांधले. आत्या अखेरपर्यंत आमच्याच घरीं राहिली. तो बेत मात्र मी विसरलेलों नाहीं.

जिवंताला दिलेलें वचन पाळतांना लाज, भय, व्यवहार यांचा आधार असतो. मृताला दिलेल्या वचनाला यांपैकीं एकही आधार नाहीं. तें केवळ आपल्या सचोटीवर उभें असतें. मेक्सिकोची वेदी मृताची आवड जपते, आपला घाट त्याची अपुरी राहिलेली काळजी विचारतो. दोहोंत मृताला कांहीं पोंचतें कीं नाहीं, कोण सांगणार? परंतु कावळा शिवला कीं आपण सुटलों असें मानून आपण घरीं परततों, ही आपली चूक आहे. पितृऋण फिटावयास सुरुवात होते ती घाटाच्या पायऱ्या चढून घरीं आल्यावर.