बंदरातला धूर आणि परक्याचे अंगण

आपल्या अंगणातला केर झाडून शेजाऱ्याच्या दारात लोटणे, याला कोणी स्वच्छता म्हणत नाही. हा नियम केराला लावताना आपणांस अडचण पडत नाही. धुराला लावू गेले की मात्र बुद्धी घोटाळते, कारण धुराचा शेजारी शेकडो कोस दूर असू शकतो.

मोठे जहाज धक्क्याला लागले की त्याचे मुख्य इंजिन थांबते, पण जहाज काही निजत नाही. दिवे, पंप, पंखे, शीतगृहे यांना वीज लागते आणि ती जहाजावरची डिझेल जनित्रे पुरवितात. जनित्रावर भार थोडा असला की दर युनिटामागे तेल अधिक जळते, आणि तो धूर बंदरालगतच्या वस्तीत उतरतो. उपाय असा की जनित्रे बंद करून किनाऱ्यावरची वीज जहाजाला जोडावी. बहुतेक जहाजांची वीज साठ आवर्तनांची आणि आपली पन्नासांची, म्हणून मध्ये परिवर्तक यंत्र बसवावे लागते. पण ती केवळ खर्चाची बाब झाली. केंद्र सरकारने २०२३ च्या मे महिन्यात ‘हरित सागर’ नावाची मार्गदर्शक तत्त्वे काढून बंदरांना या वाटेवर आणले. त्याच वर्षी गोव्याच्या मुरगाव बंदराने ‘हरित श्रेय’ योजनेखाली कमी प्रदूषण करणाऱ्या जहाजांना शुल्कात सवलत देऊ केली.

दुसऱ्याला अपाय न करणे हे तर कर्तव्यच. त्याला बक्षीस कशाला, असा प्रश्न कायद्याच्या अभ्यासकाला सुचणे साहजिक आहे. प्रदूषण करणाराने त्याची किंमत मोजावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोरच्या खटल्यात देशाच्या कायद्याचा भाग मानले. परंतु जहाजाचा मालक एका देशाचा, निशाण दुसऱ्याचे आणि माल तिसऱ्याचा. कायद्याचा हात तेथे आखूड पडतो. म्हणून ती सवलत मला खटकत नाही.

खटकते ते पुढेच. धक्क्यावरची ती वीज येणार कोठून? गोव्याला केंद्राच्या ज्या वीजकेंद्रांतून वाटा मिळतो, त्यांत विंध्याचल हे एक आहे. ते आमच्या मध्य प्रदेशात, सिंगरौली जिल्ह्यात. क्षमता ४,७६० मेगावॉट, आणि इंधन कोळसा. म्हणजे मुरगावात जहाजाने जनित्र थांबवावे आणि त्यातला काही धूर सिंगरौलीच्या आकाशात निघावा! वास्कोच्या रहिवाशांना हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांसाठी मुरगावात उतरणाऱ्या कोळशाची धूळ त्यांनी वर्षानुवर्षे सोसली आहे. दुसऱ्याच्या सुखाचा मळ आपल्या अंगणात का, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच तो सिंगरौलीकरालाही विचारता येतो. १९८४ सालची डिसेंबरमधली ती रात्र पाहिलेल्या भोपाळात बसून हे लिहिताना तो प्रश्न अधिकच टोचतो.

दोन्ही धूर सारखेच, असे मात्र मी म्हणणार नाही. वीजकेंद्राची चिमणी उंच असते आणि एका जागी उभी असते. तिच्या मालकाला नोटीस बजावता येते. आज येथे तर उद्या समुद्रात असणाऱ्या जहाजावर ती बजावणे सोपे नाही. तेव्हा या स्थलांतरात लाभ आहे. फक्त त्याला पापक्षालन म्हणू नये.

ज्याला निखळ पुण्य म्हणता येईल, ते जहाजाच्या पोटात घडते. इंजिन थंड ठेवणारे समुद्रजलाचे पंप बहुधा ३२ अंश उष्ण पाणी गृहीत धरून आखलेले असतात. जहाज थंड समुद्रात गेले तरी ते त्याच वेगाने फिरत राहतात. वेग गरजेप्रमाणे बदलणारे नियंत्रक बसविले, तर पंपाचा वेग पाचव्या हिश्शाने उतरताच विजेची गरज जवळजवळ निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. सोनागिरीला लागूनच १९५६ साली स्थापन झालेला हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना आहे; तेथे मोटारींवर आयुष्य घालविलेल्यांना हे गणित तोंडपाठ असते. येथे धूर कोणाच्याही दारी जात नाही. तो उत्पन्नच होत नाही. (आपल्या उत्सवांत मंडपाचे दिवे भर दुपारी जळत असतात, त्याचा विचार विश्वस्तांनी करावा.)

किनाऱ्याच्या विजेलाही मार्ग आहे. आमच्याच राज्यातल्या रीवा येथील ७५० मेगावॉटच्या सौर प्रकल्पातून २०१९ पासून दिल्लीची मेट्रो वीज घेते. रेल्वेला जे जमले ते बंदराला का जमू नये? रात्री धक्क्याला लागणाऱ्या जहाजासाठी सूर्य पुरणार नाही हे खरे, पण त्यामुळे दिवसाचा करार अडत नाही. जहाजांना सवलत देताना ज्या निर्देशांकाचे गुण पाहिले जातात, त्यात हिशेब असतो जहाजाचा; धक्क्यावर पुरविलेली वीज कोणाच्या कोळशावर तयार झाली, हे तो विचारीत नाही. ते बंदराने आपल्या वीजखरेदीच्या करारातच लिहून घेतले पाहिजे.