तिसरा राऊंड आणि धृती



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ३३ ते ३५

या तीन श्लोकांत भगवंत अर्जुनाला धृतीचे तीन प्रकार सांगतात. धृती म्हणजे धरून ठेवण्याची ताकद. आपण तिला चिकाटी म्हणतो, जिममध्ये ‘स्टॅमिना’ म्हणतो. पण चिकाटी असली म्हणजे झालं, असं गीता म्हणत नाही. ती विचारते, तुम्ही धरून काय ठेवलंय?

हा प्रश्न घेऊन जरा गोंदिया जिल्ह्यात जाऊ. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं केशोरी. मिरचीसाठी ओळखलं जाणारं, धानाच्या बांध्यांच्या भागातलं गाव. इकडच्या कितीतरी घरांची आशा पोलीस भरतीवर असते. त्यासाठी पोरं-पोरी पहाटे अंधारात रस्त्यावर धावतात. मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यातले २० गुण मुलांना १६०० मीटरचे, मुलींना ८०० मीटरचे. मुलांना पूर्ण गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं.

४०० मीटरच्या ट्रॅकवर हे चार राऊंड. पहिला उत्साहात निघून जातो. चौथ्यात शेवटची रेषा दिसते. खरी परीक्षा तिसऱ्या राऊंडला! श्वास फुलतो, मांड्या जड होतात आणि मन हळूच म्हणतं, “बस झालं, उद्या बघू.” गंमत म्हणजे शरीरात अजून दम शिल्लक असतो. आधी थकतं ते मन.

इथे ३३ वा श्लोक कामाला येतो. मन, प्राण आणि इंद्रियं यांना जी ढळू देत नाही, ती सात्त्विक धृती. तक्रार ऐकायची, पण लगाम तिच्या हातात द्यायचा नाही. श्वास सांभाळायचा, नजर समोर, पुढचं पाऊल टाकायचं. असं रोज केलं की मनाला सवय लागते. मग हीच ताकद अभ्यासाच्या टेबलावर, आजारी माणसाच्या उशाशी, ऑफिसच्या वाईट दिवशीही साथ देते.

राजस धृती फळाला चिकटते. गुण मिळाले तर धावणं, नाही मिळाले तर बूट कोपऱ्यात.

आणि तामस? निद्रा, भय, शोक, विषाद आणि मद न सोडणारी. झोप सुटत नाही, हे आपल्याला लगेच कळतं. पण शेवटचा शब्द नीट बघा: मद. छातीत दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, भोवळ येतेय, तरी “मी थांबणार नाही” म्हणणं ही धृती नव्हे, हा मद आहे! भरतीच्या मैदानावर धावताना कोसळून जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. त्या घरांचं दुःख आठवा. शरीराला छळून केलेल्या तपाला भगवंतांनी १७ व्या अध्यायात तामसच म्हटलंय. आणि सहाव्या अध्यायात आहार, झोप, कष्ट सगळं बेतानं ठेवणाऱ्याचाच योग दुःख हरतो, असं सांगितलंय.

म्हणजे कंटाळा बोलतो तेव्हा पुढे जायचं, आणि शरीर खरा इशारा देतं तेव्हा थांबायचं. दोन्हीला धृतीच लागते. हा फरक एका दिवसात कळत नाही, रोजच्या सरावानं कळतो.

भरतीत जागा मोजक्या, धावणारे हजारो. यादीत नाव नाही आलं तर त्या पहाटा वाया गेल्या का? नाही रे! नोकरी यादीवर अवलंबून आहे. तिसऱ्या राऊंडला कमावलेलं मन मात्र कुणी काढून घेऊ शकत नाही.

आजचा संकल्प: व्यायाम करताना “बस झालं” असं वाटलं की क्षणभर स्वतःला विचारा, हे कोण बोलतंय? कंटाळा असेल तर नाम घेत आणखी शंभर पावलं. इशारा असेल तर नाम घेतच थांबा.

पांडुरंगा, पुढे जायचं बळ दे आणि थांबायची बुद्धीही दे.

राम कृष्ण हरी!