मोजक्यांचे गेम

व्हिडिओ गेमच्या उद्योगात नवी कल्पना कोठून येते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा भांडवलाच्या दिशेने शोधले जाते. मात्र आज कोट्यवधी लोक ज्या प्रकारचे गेम खेळतात, त्यांपैकी कित्येकांची मूळ घडण अशा गेममध्ये झाली, जे बाहेरच्या माणसाला रूक्ष, अवघड, प्रसंगी निर्दय वाटत आणि ज्यांचा खेळाडूवर्ग मोजका पण चिवट होता. सर्वांना रुचावे अशी अपेक्षाच न ठेवता एका विशिष्ट आवडीच्या माणसांसाठी रचलेल्या अशा गेमना ‘निश गेम’ म्हणतात. त्यांचे खरे मोल असे, की तेथे कल्पना मुरते. कारण कल्पना कोणालाही सुचू शकते, पण ती पार टोकापर्यंत नेऊन पाहण्यासाठी गैरसोय आनंदाने सोसणारे खेळाडू लागतात आणि ते मोठ्या बाजारपेठेत भेटत नाहीत.

‘रोग्’ या गेमचा वंशविस्तार या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. 1980 च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठातील मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी तो युनिक्स प्रणालीच्या संगणकांसाठी रचला आणि पुढे केन अरनॉल्ड यांनी त्यात भर घातली. पडद्यावर चित्रे नव्हतीच: खेळाडू म्हणजे ई-मेलच्या पत्त्यात असते ते ‘अ‍ॅट’चे चिन्ह, राक्षस म्हणजे इंग्रजी मुळाक्षरे, आणि उद्दिष्ट एवढेच, की सव्विसाव्या मजल्यापर्यंत भुयारात उतरून एक ताईत वर आणायचा. त्या काळच्या साहसी गेममधली कोडी एकदा सुटली की रचणाऱ्यालाही त्यात कुतूहल उरत नसे. म्हणून या विद्यार्थ्यांनी भुयाराचा नकाशा दर डावाला संगणकानेच ठरावीक नियम आणि यदृच्छा यांच्या मेळातून नव्याने मांडावा, अशी योजना केली. तिच्या जोडीला दुसरा नियम आला, तो कायमच्या मृत्यूचा. डाव हरला की तो संपला. अर्धवट ठेवलेल्या डावाची फाइलही पुन्हा उघडताच पुसली जाई.

हे दोन नियम एकमेकांवाचून लंगडे आहेत. नकाशा तोच असता, तर कायमचा मृत्यू ही निव्वळ शिक्षा ठरली असती. मृत्यूची भीती नसती, तर नव्या नकाशाकडे कोणी नीट पाहिलेच नसते. भुयारात सापडणाऱ्या औषधांचे उदाहरण घेता येईल. त्यांचे फक्त रंग कळतात, आणि कोणत्या रंगात कोणता गुण हे दर डावाला बदलते. या डावात जखमा भरून काढणारे निळे औषध पुढच्या डावात डोळ्यांपुढे अंधार आणते. ते प्रकृती ठीक असतानाच चाखून पाहावे, की प्राणावर बेतेल तेव्हासाठी राखून ठेवावे, हा निर्णय पाठांतराने घेता येत नाही. माहितीऐवजी विवेकाची परीक्षा घेणारा गेम केवळ अक्षरांच्या पडद्यावर उभा राहिला, ही सर्जनाच्या इतिहासातली मोठी घटना मानली पाहिजे.

या नियमांना पुढे ‘नेटहॅक’ने विलक्षण सूक्ष्मता दिली. 1987 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला हा गेम स्वयंसेवकांनी वाढवला. त्यातील ‘कॉकट्रिस’ नावाच्या प्राण्याला उघड्या हाताने स्पर्श करणारा खेळाडू दगड होतो. मात्र हातमोजे घालून त्याचे कलेवर उचलले, तर तेच शत्रूला दगड करणारे शस्त्र बनते, आणि ते हाती असताना खड्ड्यात पाय पडला, तर खेळाडू त्याच कलेवरावर आदळून स्वतः दगड होतो. हजारातल्या एखाद्याच खेळाडूवर असा प्रसंग येईल. तरीही त्याचा विचार करून ठेवण्याची ही वृत्ती खपाच्या हिशेबात बसणारी नाही.

मोठ्या उद्योगाने हा वारसा उचलला तो सौम्य करून. ‘डायब्लो’च्या कर्त्यांनी 1990 च्या दशकात याच परंपरेतील यदृच्छेने घडणारी भुयारे घेतली आणि आळीपाळीच्या चालींऐवजी सलग चालणारी लढाई आणली. 2020 च्या ‘हेडिस’ने तर मृत्यूलाच कथेचे वाहन केले: नायक मरून घरी परततो, तेव्हा घरच्यांशी राहिलेला संवाद पुढे सरकतो. एवढे धाडस सुचले, कारण कायमच्या मृत्यूचे गुणदोष मोजक्या खेळाडूंनी चार दशके पारखून ठेवले होते.

मोठ्या कंपन्यांना ही पारख स्वतः परवडत नाही. 2023 मध्ये अमेरिकी न्यायालयापुढे आलेल्या कागदपत्रांनुसार ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या एका गेमला सुमारे 22 कोटी डॉलर खर्च आला. एवढी रक्कम पणाला लावणाऱ्याने सिद्ध वाटा धराव्यात, यात गैर काही नाही. पण त्या वाटा आधी कोणीतरी पाडाव्या लागतात. ‘पब्जी’चे मूळही असेच आडबाजूला आहे. चेक कंपनीच्या ‘आर्मा टू’ या किचकट लष्करी गेमवर खेळाडूंनी मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये स्वतः केलेले फेरबदल, रचले. त्यांतून 2012 मध्ये ‘डेझी’ आणि मग ब्रेंडन ग्रीन यांचे ‘बॅटल रॉयल’ आले, आणि त्याच ग्रीन यांच्या नेतृत्वाखाली 2017 मध्ये दक्षिण कोरियात ‘पब्जी’ झाला. 2020 मध्ये भारतात बंदी येईपर्यंत महाराष्ट्रातील गावोगावची मुले मोबाइलवर जो गेम खेळत होती, त्याची ही कुळकथा आहे.

मोजक्यांच्या वर्तुळाला दोष नाहीत असे नाही. ते सहज सोवळे होते. 2008 मध्ये बर्लिनच्या परिषदेत ‘रोग्’सारखा गेम कशाला म्हणावे याची लक्षणे ठरवली गेली आणि पुढे कित्येकांनी ती प्रवेशाच्या अटींसारखी वापरली. शिवाय बहुतेक निश गेममधून मोठा उद्योग काहीच घेत नाही. त्यावरून ते गेम वाया गेले असे ठरत नाही, कारण कोणती कल्पना केव्हा उपयोगी पडेल हे आधी सांगता येत नाही. पण तोवर तिने टिकून राहिले पाहिजे, आणि येथेच परिस्थिती गंभीर आहे. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’च्या 2023 मधील पाहणीनुसार 2010 पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी 87 टक्के गेम आता बाजारात मिळत नाहीत. ‘रोग्’ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून वाटल्या जाणाऱ्या युनिक्सबरोबर विद्यापीठांत पसरला आणि ‘नेटहॅक’ची संहिता, म्हणजे सोर्स कोड, सर्वांना खुली राहिली, म्हणून ते वाचले. ज्या कंपन्यांना आपले जुने, मोजक्यांचे गेम विकण्यात रस उरलेला नाही, त्यांनी त्यांच्या संहिता निदान ग्रंथालयांच्या आणि संग्रहालयांच्या हवाली कराव्यात.