चार मिलिमीटर

"तो जॅक बसवा, म्हणजे मी सरळ होईन," आजी म्हणाल्या. नातवानं मोबाइलवर दाखवलं होतं: दबलेल्या मणक्यात टायटॅनियमचा इवलासा जॅक शिरतो, गाडीखाली उघडतो तसा उघडतो, मणका उचलला जातो, मग सिमेंट. फुगा फुगवून मणका उचलायची पद्धतही आहे, पण तसा उचललेला मणका फुगा काढताना थोडा परत बसतो. जॅक आतच राहतो. हा फायदा खरा आहे.

पण जॅक दोन लागतात, आणि प्रत्येकाला आत जायला पेडिकल नावाचा हाडाचा बोळ हवा. कमरेत तो ऐसपैस, छातीच्या मध्यावर चिंचोळा. आजींचा छातीमागचा आठवा मणका दबलेला. त्यातून कणा लहानपणापासून एका बाजूला वाकलेला. बाकाच्या आतल्या अंगाचं पेडिकल सीटीवर चार मिलिमीटर भरलं. भिंतीपलीकडे मज्जारज्जू. नवं हत्यार हाती आलं की आम्हा सर्जनांना ते वापरायची खुमखुमी येते, हे कबूल करतो. मी तीनदा मोजलं. चार ते चारच. जॅक मावणार नव्हता.

1984 साली फ्रान्समधल्या आमियां इथं गालिबेर आणि देरामाँ यांनी मणक्यात पहिल्यांदा सिमेंट भरलं, तेव्हा ना फुगा होता ना जॅक. 2009 मध्ये तर दोन चाचण्यांत सिमेंट भरलेले आणि भरल्याचं नुसतं सोंग केलेले रुग्ण सारखेच निघाले. ते वाचल्यापासून मी पहिले काही आठवडे औषध आणि विश्रांतीवरच काढतो. आजींचे ते काढून झाले होते. कूस बदलताना अजूनही किंकाळी फुटत होती.

त्यांना पालथं निजवण्यातच अर्धा तास गेला. बाकाखाली उशा, उशांखाली चादरींच्या घड्या. हाडं इतकी विरलेली की सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर मणक्याची कड जुन्या लुगड्याच्या काठासारखी पुसट. पेडिकल सोडून, बरगडी आणि पेडिकल यांच्या मधून, एकाच बाजूनं सुई घातली. थोडं सिमेंट भरलं नि थांबलो.

आजी सरळ झाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतः उठून बसल्या. "जॅक नाही ना बसवलात?" त्यांनी विचारलंच.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा आणखी एक मणका दबला होता. तेव्हा कंबरदुखी म्हणून गोळ्या मिळाल्या. हाडं कुणी तपासली नाहीत. तुमच्या आईची साडी हल्ली पायात येत असेल, तर तिची उंची मोजा, आणि हाडांची घनताही तपासून घ्या.