वाचलेले तास कोणाचे?

मुंबई ते चेन्नई हे हवाई अंतर सुमारे १,०३० किलोमीटर आहे. विमान ते दोन तासांत कापते. रेल्वेला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. म्हणजे विमानाने आपले वीसेक तास वाचवले. प्रश्न असा की, ते तास आपण कोणाला दिले?

१८९३ साली मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, अळसिंगा पेरुमल या शिक्षकाने स्वामी विवेकानंदांच्या अमेरिका-प्रवासासाठी दारोदार फिरून निधी जमवला. स्वामीजी ३१ मे रोजी मुंबईहून बोटीने निघाले आणि जुलैअखेर शिकागोला पोहोचले. दोन महिन्यांचा प्रवास! वाटेत योकोहामाहून १० जुलैला त्यांनी मद्रासच्या मित्रांना सविस्तर पत्र लिहिले. मध्ये समुद्र होता, पण दुरावा नव्हता; कारण दोन्हीकडे ध्यास एकच होता.

आज चेन्नईत नोकरी करणारा मुलगा सकाळी निघून दुपारच्या जेवणाला मुंबईत आईसमोर बसू शकतो. पण जेवताना त्याची नजर मोबाइलमध्येच असेल, तर तो खरोखर घरी पोहोचला का? आणि ज्याला येणे परवडत नाही, पण जो रोज दहा मिनिटे मन लावून आईचे बोलणे ऐकतो, त्याला दूर कसे म्हणावे?

वेगाने शरीर पोहोचते. मन पोहोचायला वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ वेगानेच आपल्या हाती ठेवला आहे. म्हणून पुढचे तिकीट काढाल, तेव्हा वाचणारे तास मोजा. त्यांतला निदान एक तास कोणासाठी, हे त्याच वेळी ठरवा.