पिंपाच्या तळाशी काय आहे?

2014च्या अखेरीस आलेल्या ‘व्हिस्की बायबल’च्या नव्या आवृत्तीत जिम मरे या इंग्रज समीक्षकानं जपानच्या ‘यामाझाकी शेरी कास्क 2013’ला शंभरपैकी 97.5 गुण दिले आणि जगातली सर्वोत्तम व्हिस्की ठरवलं. पहिल्या पाचांत एकही स्कॉच नव्हती. बातमी जगभर फिरली, किंमत भडकली आणि ती बाटली दुकानांतून दिसेनाशी झाली.

आदल्या दिवशी बाटलीत जे होतं, तेच दुसऱ्या दिवशीही होतं. नवा होता तो फक्त आकडा.

मरे यांची पद्धत सोपी आहे. वास, चव, घोट गिळल्यावर मागे रेंगाळणारी चव आणि या सगळ्यांचा तोल, प्रत्येकाला 25 गुण. सिगारच्या जगात हीच शंभराची पट्टी रूढ केली ती मार्विन शँकेन यांनी 1992 साली न्यूयॉर्कहून सुरू केलेल्या ‘सिगार अफिसिओनाडो’ या मासिकानं. तिथे परीक्षकांसमोर येणाऱ्या सिगारवरची कागदी पट्टी काढलेली असते. नाव आणि किंमत ठाऊक नसताना चव घ्यायची आणि गुण द्यायचे.

हे सगळं श्रीमंतांचं थेर म्हणून सोडून देता येईल. पण घाई नको. यात एक खरी साधना आहे. चांगली सिगार संपायला तासभर लागतो. सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा भाग वेगवेगळा लागतो, म्हणून तिन्हींची नोंद वेगळी करतात. सोबतची स्कॉचही विचारानं निवडावी लागते. आयला बेटावरच्या अनेक व्हिस्कींचं सातू पीटच्या, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या अर्धवट कुजक्या वनस्पतींच्या धुरावर वाळवलेलं असतं. तसली धुरकट व्हिस्की नाजूक सिगारला गिळून टाकते. शेरीच्या पिंपात मुरलेली गोडसर स्कॉच मात्र काळसर पानाच्या सिगारशी छान जुळते. फोन बाजूला ठेवून तासभर एकाच गोष्टीकडे लक्ष देणारी माणसं आज किती उरलीत?

मग प्रश्न असा: चव ज्याची त्याची असते, तर 91 आणि 93 यांत खरंच फरक असतो का?

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं 1757 साली अभिरुचीवरच्या निबंधात याला उत्तर देताना ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट वापरली. दोन जाणकारांना पिंपातल्या वाइनचं मत विचारलं. एक म्हणाला, छान आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, छान आहे, पण किंचित लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसले. पुढे पिंप रिकामं झालं, तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सापडली.

ह्यूमचं म्हणणं असं, की चव आपल्या मनात उमटत असली तरी तिला वस्तूत काहीतरी आधार असतो. सरावानं आणि पूर्वग्रह बाजूला ठेवून तो ओळखता येतो. मला हे पटतं. पण गोष्टीतली एक बारीक बाब सहज निसटते. त्या दोघांचं खरेपण सिद्ध झालं ते पिंप तळापर्यंत रिकामं झाल्यावर.

आपली गुणपत्रिका तळापर्यंत जाते का?

सिगारचं पिंप उपसून पाहू. हाताने वळलेल्या सिगारमध्ये आतली पानं, त्यांना बांधणारं पान आणि वरचं देखणं पान, असे तीन थर असतात. क्यूबात 1865पासून कारखान्यांत पानं वळणाऱ्यांसाठी मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस बसू लागला. सकाळी वर्तमानपत्र, मग कादंबरी. त्याचा पगार कामगार स्वतःच्या खिशातून देत. ड्यूमाची ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ त्यांची लाडकी होती आणि ‘मॉन्टेक्रिस्टो’ या ब्रँडचं नाव तिथूनच आलं असं सांगतात. ओलं तंबाखूचं पान शेतात हाताळणाऱ्याच्या त्वचेतून निकोटीन अंगात जातं. मळमळ, उलटी, चक्कर येते. जिभेवर चामडं आणि कोको शोधणाऱ्याला हे लागत नाही. त्याच्या जिभेचा दोष नाही. ते तिच्यापर्यंत पोचतच नाही.

आपल्याकडची विडीही हातानेच वळली जाते. सोलापुरात हजारो बायका ती वळतात, मजुरी हजारी हिशेबानं मिळते. तिथेही कसून पारख होते. जाडी, बांधणी, पान सगळं तपासतात. फरक इतकाच, की सिगारला कमी गुण पडले तर चोखंदळ ग्राहक दुसरी घेतो आणि विडी नापास झाली तर बाईची मजुरी कापली जाते. दोन्हीकडे परीक्षाच आहे. फक्त एकीकडे तिला रसिकता म्हणतात.

तळाशी अजून एक गोष्ट आहे. सिगारचा धूर सहसा छातीत ओढत नाहीत, तोंडात घोळवतात. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. म्हणजे जी जीभ निवाडा देते, तीच किंमतही मोजते. तंबाखूचा धूर आणि दारू, दोन्ही कर्करोगाला कारण ठरतात. दोन्ही एकत्र आले, की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेनं वाढत नाही, त्याहून पुष्कळ जास्त वाढतो. चवीच्या भाषेत ज्याला ‘पेअरिंग’ म्हणतात, त्याचा डॉक्टरांच्या भाषेतला अर्थ हा आहे.

म्हणून कुणी चाखूच नये, असा उपदेश मला करायचा नाही. मोठी माणसं आपला धोका जाणून पत्करू शकतात. आक्षेप आकड्याच्या ऐटीवर आहे. मराठीत ‘गुण’ म्हणजे मार्क, आणि गुण म्हणजे वस्तूच्या अंगचा चांगुलपणाही. पण वस्तूबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा जोडशब्द वापरतो: गुणदोष. शंभरपैकी 97.5 म्हटलं, की उरलेल्या अडीच गुणांत सगळे दोष मावले असं वाटतं. प्रत्यक्षात जे मोजायला घेतलंच नाही, त्याला तिथे शून्यही मिळत नाही. ते असतंच नाही.

हे फक्त सिगार-स्कॉचवाल्यांचं दुखणं नाही. आपणही दिवसभर गुण वाटत असतो. बिर्याणीला चार, सिनेमाला साडेतीन, पावसात भिजत पार्सल आणणाऱ्याला पाच. दहा मिनिटं उशीर झाला म्हणून एक तारा कापताना आपण काय चाखलेलं असतं? फक्त आपला उशीर. त्याचा रस्ता, त्याचा पाऊस, त्याचा दिवस आपल्या जिभेपर्यंत आलेलाच नसतो.

चोखंदळ असणं ही नैतिक गोष्ट होऊ शकते, असं मला वाटतं. ज्याला लाकडातला व्हॅनिला आणि पीटचा धूर वेगळा ओळखता येतो, त्याच्याकडे बारकावा पकडायची ताकद नक्की आहे. ती ताकद घोटाच्या पुढे नेणं त्याला अवघड जाऊ नये. हे पान कुणी वळलं, तिला काय मिळालं, माझ्या घशाचं पुढे काय होणार, हे प्रश्न रसभंग करतात खरे. पण चामड्याची चव लागते असं सांगणाऱ्यानंही मैफलीचा रसभंगच केला होता, आणि किल्ली मात्र खरोखरच तळाशी पडलेली होती.