घेणाऱ्याचे खाते नावे

हाताने केलेले भेटकार्ड फेकून देण्याचा अधिकार घेणाऱ्याला आहे काय?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण ज्यांच्या माळ्यावर बिस्किटांचा एखादा जुना चौकोनी डबा आहे, त्यांनी मनाशी खरे बोलावे. त्या डब्यात भाचीने तिसरीत असताना काढलेला आकाशकंदील असतो. त्याची चमकी कधीच झडून डब्याच्या तळाशी जमलेली असते आणि कंदिलाखाली ‘मामास दिवाळीच्या हारदीक शुबेच्छा’ असे लिहिलेले असते. भाची आज दातांची डॉक्टर आहे आणि दाढ काढण्याचे मामाकडून पूर्ण पैसे घेते. तरीही कंदील काही फेकवत नाही. दुकानातल्या कार्डाचे तसे नसते. पूर्वी ते तुळशीचे लग्न लागेपर्यंत टीव्हीच्या डोक्यावर उभे राहायचे आणि मग निमूट रद्दीत जायचे. (टीव्ही सपाट झाल्यापासून घरात कार्ड उभे करायला जागाच उरली नाही, पण तो दुःखाचा वेगळा विषय आहे.) आणि मोबाईलवर येणारे दिवे-पणत्या तर आपण न बघताच पुढे पाठवतो.

मी या उद्योगातला जुना माणूस आहे. घरचे, नातेवाईक, मित्र आणि शाखेतले सहकारी धरून दर दिवाळीला चाळीसेक कार्डे करतो. गणपती गेले की पिंपळाची पाने बादलीत भिजत घालायची. तीन-चार आठवड्यांत हिरवा गर कुजतो, मग जुन्या टूथब्रशने तो हलक्या हाताने काढला की नुसती जाळी उरते. ती वर्तमानपत्रात दाबून वाळवायची आणि रंगीत कार्डपेपरवर डकवायची. दिसायला फार देखणे प्रकरण. कुजण्याच्या काळात त्या बादलीला येणाऱ्या वासाबद्दल आमच्या सौभाग्यवतींचे मत मी येथे देत नाही. लेख घरोघरी वाचला जावा अशी माझी इच्छा आहे. पानांपैकी निम्मी घासतानाच फाटतात. मग उरलेल्या मंडळींसाठी भेंडीचे ठसे. भेंडी आडवी कापून रंगात बुडवली की पाच पाकळ्यांचे फूल तयार. पाव किलोत पंचवीस कार्डे होतात आणि देठांकडच्या तुकड्यांची भाजी होते. निदान मी तरी करावी असे सुचवतो.

आता खरा पेच असा की पान कोणाला आणि भेंडी कोणाला? दुकानातल्या कार्डाची किंमत मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेली असते. घरच्या कार्डाची पुढच्याच बाजूला असते. एका वर्षी आमच्या शाखेत शिपाईमामांना पान गेले आणि साहेबांना भेंडी. साहेब समजूतदार होते, काही बोलले नाहीत. फक्त दोन दिवस माझ्या टेबलापाशी थांबून ‘काय, आज डब्यात कुठली भाजी?’ असे विचारत होते. मी काही खुलासा केला नाही. शिपाईमामांनी माझ्या आईच्या आजारपणात चार रात्री दवाखान्यात काढल्या होत्या. तो हिशेब पिंपळाला ठाऊक होता.

नाताळच्या छापील कार्डाचा जन्मच मुळी वेळ नाही म्हणून झाला. ब्रिटनमध्ये 1840 साली एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय झाली आणि लोक एकमेकांना भसाभस पत्रे लिहू लागले. हेन्री कोल नावाचे एक कामसू गृहस्थ होते, ती टपालाची सोय होण्यात त्यांचाही हात होता. नाताळात आलेल्या पत्रांना उत्तरे लिहिणे त्यांना जमेना. तेव्हा 1843 साली त्यांनी हॉर्सली नावाच्या चित्रकार मित्राकडून एक चित्र काढून घेतले आणि त्याच्या हजारभर प्रती छापल्या. जास्तीच्या एका शिलिंगला एक याप्रमाणे विक्रीला ठेवल्या. चित्रात अख्खे कुटुंब हातात मद्याचे पेले घेऊन बसले होते, एक लहान मूलही त्यात सामील होते, त्यामुळे दारूबंदीवाले खवळले. माझी तक्रार पेल्यांबद्दल नाही. कोलसाहेबांना हजार माणसांची आठवण एकदम उरकायची होती, आणि ती उरकली, एवढेच मी म्हणतो. चाळीस खाती सांभाळताना माझे काय होते ते मला माहीत आहे. हजारांना काय बोल लावायचा!

हाताने करताना मात्र उरकता येत नाही, ही त्यातली खरी अडचण आहे. एका कार्डाला चाळीस मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ त्या माणसाबरोबर एका टेबलाशी बसावे लागते. माणूस प्रेमाचा असेल तर प्रश्नच नाही. पण माझ्या यादीत एक चुलतभाऊ आहे. कोकणातल्या घराच्या वाटपावरून आमचा कोर्टात दावा चालू आहे. यादीतून त्याचे नाव काढावे असे माझ्या वकिलांचे मत पडेल, म्हणून मी त्यांना विचारलेले नाही. त्याच्या कार्डासाठी भेंडी कापायला घेतली की पहिली दहा मिनिटे बांधावरच्या फणसात जातात. विसाव्या मिनिटाला त्याच्या वकिलाची ती नोटीस आठवते आणि ठसा जरा जोरातच उमटतो. पण रंग वाळेपर्यंत नुसते बसून राहावे लागते ना! त्या रिकाम्या वेळात त्याची भाड्याची सायकल आठवते. मागून कॅरिअर धरून तो मे महिन्याच्या उन्हात शाळेच्या मैदानावर धावला होता, आणि ‘धरलंय, धरलंय’ असे ओरडत त्याने हात केव्हा सोडला ते मला कळलेही नव्हते. मग खाली ‘तुझा’ असे लिहून होते. दावा आहे तिथेच आहे. मीही काही फणस सोडणार नाही.

वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी आम्हांला जमाखर्चाचा नियम घोकवला होता : घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे खाते जमा. या नियमावर जगातल्या सगळ्या बँका उभ्या आहेत. भेटकार्डातला घेणारा कोण? लोक मला म्हणतात, ‘काय हो, किती वेळ दिलात आमच्यासाठी!’ आणि ओशाळतात. मला ते पटत नाही. त्या चाळीस मिनिटांत मला सायकल परत मिळाली, त्यांना काय मिळाले? कागदाचा तुकडा. मग माझे खाते नावे पडायला हवे.

कायदाही माझ्याच बाजूचा आहे. 1882 सालच्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात बक्षीस पुरे व्हायला घेणाऱ्याने ते स्वीकारावे लागते. एकदा स्वीकारले की वस्तू त्याची. त्याने ती जपावी, नाहीतर रद्दीत घालावी. बँकेतली व्हाउचरेसुद्धा कायम ठेवत नाहीत. 1985 सालच्या नियमाप्रमाणे काही पाच वर्षे आणि काही आठ वर्षे जपायची, मग ती नष्ट करता येतात. कोणाच्या सद्‌सद्विवेकबुद्धीला टोचणी लागत नाही. लाखोंचे व्यवहार असे आणि भेंडीच्या फुलाला मात्र आजन्म सांभाळायचे, हा कुठला न्याय?

हे सगळे मी इतक्या ठामपणे मांडतो आहे याला कारण आमच्या हेड कॅशियरांच्या घरचा निरोप. ते निवृत्त झाले होते, गेल्या साली गेले. घर आवरून काकू मुलाकडे बंगळूरला निघाल्या होत्या. त्यांनी मला बोलावून घेतले, पोहे दिले आणि एक कापडी पिशवी पुढे केली. आत माझी चौदा कार्डे. ‘‘तुम्ही इतक्या मेहनतीनं केलेली, मला फेकवत नाहीत हो. आणि तिकडे दोन खोल्या. आता तुमची तुम्ही घेऊन जा.’’ चौदा वर्षे त्या बाईंनी कपाटातला एक खण माझ्या हौसेपायी अडवून ठेवला होता, आणि आता निघताना माफी मागितल्यासारखे बोलत होत्या!

घरी येऊन मी कार्डे उलटी केली. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने मिळाल्याची तारीख आणि शेजारी त्यांची ती आखूड, शेपटीवाली सही. पैसे मोजून घेतल्यावर स्लिपवर करायचे तशीच. चौदाच्या चौदा. आता ही फेकायची कोणी? पुढची बाजू माझी आहे, ती मी केव्हाही फाडीन. मागची बाजू त्यांनी हाताने केलेली आहे.

पिशवी आमच्या माळ्यावर गेली, बिस्किटांच्या डब्याशेजारी.

यंदाच्या दिवाळीपासून मात्र मी प्रत्येक कार्डाच्या मागे एक ओळ लिहितो : ‘तुळशीच्या लग्नानंतर रद्दीत घालण्यास हरकत नाही.’ सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘हे काय अभद्र लिहिता सणासुदीला!’’ साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि बँकेचे परिपत्रक वाचल्यावर करतात तसा चेहरा केला. भाऊबीजेच्या दिवशी रात्री चुलतभावाचा फोन आला. दावा लागल्यापासूनचा पहिलाच.

‘‘बाळ्या, मागचं वाचलं. टाकू ना खरंच?’’

‘‘टाक की, दादा.’’

‘‘बघतो,’’ तो म्हणाला. मग जरा थांबून, ‘‘तारीख सोळाला आहे. येशील ना?’’